गिरीफुशी: एक बेट, दोन गोष्टी आणि एक नेता

जानेवारी २०२४ आठवतोय? पंतप्रधान नरेंद्र मोदींचे लक्षद्वीपच्या किनाऱ्यावरचे फोटो आले. मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी त्यावर सोशल मीडियावर नको ती शेरेबाजी केली. आणि मग दोन दिवसांत आपल्या सगळ्यांच्या फोनवर 'बॉयकॉट मालदीव'चा हॅशटॅग धो धो कोसळायला लागला. कुणी बुकिंग रद्द केल्याचे स्क्रीनशॉट टाकले, कुणी रील्स बनवले. मी स्टोरी टाकली. खरं सांगायचं तर माझं मालदीवला जायचं बुकिंग जन्मात कधी नव्हतं, त्यामुळे मी नक्की कशावर बहिष्कार टाकला ते मलाच माहीत नाही. तुमच्यापैकी किती जणांचं तसंच होतं, ते तुम्हीच मनात मोजा.

त्या गोंधळात एक नाव मात्र माझ्या लक्षात राहिलं. मालदीवचा एक माजी राष्ट्राध्यक्ष आपल्याच देशाच्या मंत्र्यांची भाषा चुकीची आहे, असं उघडपणे बोलला होता. दोन महिन्यांनी, मार्चमध्ये, तो दिल्लीत होता आणि झाल्या प्रकाराबद्दल मालदीवच्या लोकांना वाईट वाटतंय, असं सांगत होता. नाव मोहम्मद नाशीद. मालदीवमध्ये त्यांना 'अन्नी' म्हणतात. म्हटलं, कोण आहे हा माणूस, बघू या तरी. वाचायला बसले आणि मग थांबताच येईना.

कारण या माणसाच्या आयुष्यात एकाच छोट्याशा बेटावर दोन गोष्टी घडल्यात. बेटाचं नाव गिरीफुशी. राजधानी मालेपासून फार लांब नाही, तिथे लष्कराचा प्रशिक्षण तळ आहे. पहिली गोष्ट जगाने टाळ्या वाजवत पाहिली. दुसरीने त्यांचं राष्ट्राध्यक्षपद घालवलं. आजचा लेख या दोन गोष्टींमधल्या अंतराचा आहे.

पाण्याखालची सही

१७ ऑक्टोबर २००९. गिरीफुशीजवळच्या खाडीत समुद्राच्या तळाशी टेबलं मांडलेली. नाशीद आणि त्यांचे मंत्री डायव्हिंग सूट घालून, पाठीवर हवेच्या नळकांड्या लावून पाच-सहा मीटर खोल उतरले आणि तिथे मंत्रिमंडळाची बैठक झाली. हाताच्या खुणांनी बोलणं. आजूबाजूला मासे. अर्ध्या तासाच्या या बैठकीत एका निवेदनावर सह्या झाल्या: जगातल्या सगळ्या देशांनी कार्बन उत्सर्जन कमी करावं.

हा फोटो तुम्ही नक्की पाहिला असणार, पर्यावरणशास्त्राच्या पुस्तकात नाहीतर कुठल्यातरी क्विझमध्ये. आम्हाला मास कॉमला 'माध्यमांचं लक्ष कसं वेधावं' हे शिकवताना दाखवलेला. स्टंट होता का? होताच, आणि तो तसा आहे हे करणाऱ्यांनाही माहीत होतं. दोन महिन्यांनी कोपनहेगनला हवामान परिषद होती. ज्या देशाची लोकसंख्या आजही पाच लाखांच्या आसपास आहे, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी, त्याने अमेरिका आणि चीनच्या गर्दीत आपलं म्हणणं ऐकवायचं तरी कसं?

मालदीवचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. हिंदी महासागरात उत्तर-दक्षिण पसरलेली जवळपास १,२०० प्रवाळ बेटं, त्यातल्या दोनशेच्या आत-बाहेर बेटांवर वस्ती. समुद्रसपाटीपासूनची सरासरी उंची दीड मीटर. म्हणजे तुम्ही उभे राहिलात तर बऱ्याच ठिकाणी देशापेक्षा तुम्ही उंच. २००४ च्या त्सुनामीत या देशात ८० पेक्षा जास्त माणसं गेली, आणि डोंगरावर पळून जा म्हणावं तर डोंगरच नाही.

जाता जाता एक गंमत. ते लोक आपल्या देशाला 'दिवेही राज्जे' म्हणतात. दिवेही म्हणजे द्वीपवासी आणि राज्जे म्हणजे आपलं राज्य. त्यांची भाषा मराठीसारखीच इंडो-आर्यन कुळातली आहे आणि आपल्याच लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटावर तिचीच एक बोली बोलली जाते. इंग्रजीतला 'अ‍ॅटॉल' हा शब्दसुद्धा त्यांच्याकडूनच गेलाय. ज्यांच्यावर आपण हॅशटॅग फेकत होतो, ते इतके परके नाहीत.

तेविशीतला उपसंपादक

नाशीद यांचा जन्म १७ मे १९६७ चा, मालेमधला. शाळा माले, मग कोलंबो, मग इंग्लंड. लिव्हरपूल पॉलिटेक्निकमधून सागरी विषयातली पदवी घेतली. घरची परिस्थिती बरी होती. परत येऊन आरामात सरकारी नोकरी करता आली असती.

त्यावेळी देशात मौमून अब्दुल गय्यूम यांची सत्ता होती. १९७८ पासून. राजकीय पक्षांना परवानगी नाही. निवडणूक म्हणजे संसद एकच नाव ठरवणार आणि लोकांनी हो किंवा नाही म्हणायचं. अशा वेळी १९९० मध्ये माले शहरात 'सांगू' नावाचं मासिक सुरू झालं. सरकारला प्रश्न विचारणारं. नाशीद त्याचे उपसंपादक. मासिक फार दिवस टिकलं नाही, सरकारने बंद केलं आणि नाशीद यांना अटक झाली. १९९१ मध्ये अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने त्यांना 'विवेकबंदी' जाहीर केलं, म्हणजे केवळ मतांसाठी तुरुंगात टाकलेला माणूस.

त्यांचं वय तेव्हा २३-२४. मी २२ ची आहे आणि माझ्या बातमीतली एखादी ओळ संपादकांनी उडवली तरी मला दिवसभर वाईट वाटतं. या माणसाने लेखांसाठी एकांत कोठडी पाहिली, छळ सोसला. त्यानंतरही अटकांची मालिका चालूच राहिली. तुरुंगातल्या वेळात त्यांनी मालदीवच्या इतिहासावर पुस्तकं लिहिली. १९९९ मध्ये ते मालेमधून खासदार झाले, तर दोन वर्षांत सरकारी मालमत्ता चोरल्याच्या आरोपावरून ती खासदारकीही गेली.

कलाटणी मिळाली २००३ मध्ये. माफुशीच्या तुरुंगात एव्हान नसीम हा तरुण कैदी रक्षकांच्या मारहाणीत मेला. दुसऱ्या दिवशी मालेच्या रस्त्यांवर लोक उतरले, तिथल्या लोकांनी कधी पाहिली नव्हती अशी निदर्शनं झाली. नाशीद देश सोडून श्रीलंकेत गेले आणि नोव्हेंबर २००३ मध्ये तिथेच 'मालदीवियन डेमोक्रॅटिक पार्टी' म्हणजे एमडीपीची घोषणा झाली. देशात पक्ष काढायला बंदी, म्हणून पक्ष परदेशात जन्मला. २००५ मध्ये ते परत आले. त्याच वर्षी आतून-बाहेरून वाढलेल्या दबावामुळे पक्षांना परवानगी मिळाली. २००८ मध्ये नवीन राज्यघटना आली आणि पहिली बहुपक्षीय राष्ट्राध्यक्ष निवडणूक झाली. पहिल्या फेरीत गय्यूम यांना ४० टक्के, नाशीद यांना २५. दुसऱ्या फेरीत बाकीचे विरोधक नाशीद यांच्यामागे आले आणि ५४ टक्के मतांनी ते जिंकले. तीस वर्षांची सत्ता मतपेटीतून गेली. नवा राष्ट्राध्यक्ष ४१ वर्षांचा.

इथपर्यंत ही सिनेमाची गोष्ट आहे, आणि खरंच 'द आयलंड प्रेसिडेंट' नावाचा माहितीपट त्यांच्यावर २०११ मध्ये आला. पण निवडणूक जिंकल्यावर पुढे काय, हा प्रश्न सिनेमात फारसा येत नाही. आपण तिकडे जाऊ.

राजा गेला, दरबार तिथेच

नाशीद राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा संसद, न्यायालयं, पोलीस, नोकरशाही सगळं जुनंच होतं. मे २००९ च्या संसदीय निवडणुकीत गय्यूम यांच्या पक्षाला एमडीपीपेक्षा जास्त जागा मिळाल्या. म्हणजे खुर्ची यांची आणि सभागृह त्यांचं. जून २०१० मध्ये तर अख्ख्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, कारण संसद काम करू देत नाही अशी तक्रार होती.

त्यातही कामं झालीच. पर्यटनावर आणि नंतर वस्तूंवर कर आला, वृद्धांना पेन्शन सुरू झाली, जानेवारी २०१२ मध्ये सगळ्या नागरिकांसाठी 'आसंधा' ही आरोग्य विमा योजना आली. दुसरीकडे २०११ मध्ये मालदीवच्या चलनाचा, म्हणजे रुफियाचा दर सैल केल्यावर महागाई भडकली आणि मे महिन्यात लोक रस्त्यावर आले. माले विमानतळाचं कंत्राट भारतातल्या जीएमआर कंपनीच्या गटाला दिल्यावर 'देश विकला' अशी ओरड झाली. डिसेंबर २०११ मध्ये विरोधक आणि धार्मिक संघटनांनी मिळून इस्लामच्या रक्षणासाठी म्हणत मोठा मोर्चा काढला. नाशीद धर्माबाबत ढिले आहेत, हा आरोप त्यांच्या मागे सुरुवातीपासून लागला होता.

आणि मग न्यायालयं. ही गोष्ट नीट समजून घेतली तर पुढचं सगळं कळतं. नव्या घटनेनुसार दोन वर्षांच्या आत न्यायाधीशांची पात्रता नव्याने तपासायची होती. २०१० च्या ऑगस्टमध्ये मुदत संपत आली आणि न्यायिक सेवा आयोगाने जुन्या राजवटीत नेमलेल्या जवळपास सगळ्यांनाच कायम करून टाकलं. त्यातले कित्येक कायद्याची पदवी नसलेले होते. थोडक्यात, परीक्षा न घेताच सगळे पास.

आता दुसरी गोष्ट

फौजदारी न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश अब्दुल्ला मोहम्मद यांच्याविरुद्ध गैरवर्तनाच्या तक्रारी होत्या. आयोगाने चौकशी केली, तर न्यायालयानेच त्या कारवाईला स्थगिती दिली. राजकीय विरोधकांना ते सोडून देतात, भ्रष्टाचाराच्या खटल्यांत अडथळे आणतात, असं सरकारचं म्हणणं. कायदेशीर मार्ग सगळे बंद झालेत, असं नाशीद यांना वाटलं.

१६ जानेवारी २०१२ ला लष्कराने या न्यायाधीशांना घरातून उचललं. वॉरंट नाही, न्यायालयासमोर हजर करणं नाही. ठेवलं कुठे? गिरीफुशीवर.

हो, तेच बेट. सव्वादोन वर्षांपूर्वी जिथे जगाला वाचवायची सही झाली होती, तिथेच एका माणसाला २२ दिवस कुठल्याही खटल्याविना ठेवलं गेलं. स्वतः असंच कोठडीत सडलेल्या नेत्याच्या हुकमावरून.

मालेमध्ये रोज रात्री निदर्शनं सुरू झाली. ७ फेब्रुवारीला पोलिसांतला एक गट उलटला, काही सैनिक त्यांना मिळाले, सरकारी वाहिनीवर ताबा घेतला गेला. त्याच दुपारी नाशीद यांनी टीव्हीवर राजीनामा जाहीर केला. लोकांवर बळ वापरून मला राज्य करायचं नाही, असा त्यांचा सूर होता. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, राजीनामा जबरदस्तीने घेतला, हे बंडच होतं. उपाध्यक्ष मोहम्मद वहीद राष्ट्राध्यक्ष झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चौकशी आयोगाने निष्कर्ष दिला की हे बंड नव्हतं. नाशीद यांच्या समर्थकांना तो आजही पटलेला नाही.

तुम्हाला काय वाटतं? मी हा प्रश्न आमच्या कट्ट्यावर टाकला तर सरळ दोन गट पडले. एक गट म्हणाला, न्यायाधीशच विकला गेला असेल आणि त्याला हटवायचा रस्ताच ठेवला नसेल, तर करायचं काय? हात बांधून बसायचं? दुसरा गट म्हणाला, उद्या दुसरा कुणी येईल आणि त्याला न आवडणारा चांगला न्यायाधीश उचलेल. तेव्हा तुम्ही कुठल्या तोंडाने ओरडणार?

दोन्ही बाजूंत दम आहे. पण पुढे जे घडलं ते पाहिल्यावर मला दुसऱ्या गटाचं म्हणणं जास्त पटायला लागलं.

स्वतःच्या हाताने दिलेलं हत्यार

२०१३ ची निवडणूक आली. त्याआधी फेब्रुवारीत न्यायाधीश प्रकरणातली अटक टाळण्यासाठी नाशीद मालेमधल्या भारतीय उच्चायुक्तालयात दहा दिवस राहिले होते. सप्टेंबरच्या पहिल्या फेरीत त्यांना ४५ टक्के मतं मिळाली, सगळ्यात जास्त. सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रद्द केली. ऑक्टोबरमधलं मतदान पोलिसांनी होऊ दिलं नाही. नोव्हेंबरमध्ये पुन्हा पहिली फेरी, पुन्हा नाशीद पुढे. आठवड्यात दुसरी फेरी झाली आणि गय्यूम यांचे सावत्र भाऊ यामीन जेमतेम सहा हजार मतांनी जिंकले.

यामीन यांना नाशीद तुरुंगात हवे होते आणि त्यासाठी वेगळं कारण शोधायची गरजच नव्हती. ते गिरीफुशीवर तयार होतं. फेब्रुवारी २०१५ मध्ये नाशीद यांना अटक झाली. न्यायालयाच्या दारात पोलीस त्यांना फरफटत नेतायत, शर्ट फाटलाय, हा फोटो जगभर गेला. न्यायाधीशाला पळवलं म्हणून आरोप लावला तो थेट दहशतवादाचा! तीन आठवड्यांच्या आत खटला संपला, १३ वर्षांची शिक्षा. संयुक्त राष्ट्रांच्या मनमानी अटकेविषयीच्या कार्यगटाने ही कैद बेकायदा ठरवली. अमल क्लूनी त्यांच्या वकील होत्या. २०१६ मध्ये पाठीच्या शस्त्रक्रियेसाठी लंडनला जायची परवानगी मिळाली आणि तिथेच त्यांनी राजकीय आश्रय घेतला.

हा खटला अन्यायाचा होता यात शंका नाही. पण विरोधकांना खटल्याचं निमित्त कुणी दिलं? पळवाट एकदा तुम्ही वापरलीत की ती पुढच्यालाही कळते, आणि तो ती तुमच्यापेक्षा निर्लज्जपणे वापरतो.

दोस्ताशी बिनसलं

२०१८ मध्ये चक्र परत फिरलं. एमडीपीचे इब्राहिम मोहम्मद सोलिह ५८ टक्के मतांनी राष्ट्राध्यक्ष झाले. सोलिह हे नाशीद यांचे लहानपणापासूनचे मित्र, आणि त्यांची पत्नी नाशीद यांची चुलत-आते नात्यातली बहीण. नाशीद परतले, सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. २०१९ च्या संसदीय निवडणुकीत ८७ पैकी ६५ जागा एमडीपीला मिळाल्या आणि नाशीद संसदेचे अध्यक्ष झाले. २००८ मध्ये जे नव्हतं ते सगळं आता हातात होतं: राष्ट्राध्यक्षपद, संसद, मित्र.

६ मे २०२१ च्या रात्री मालेमध्ये घराबाहेर गाडीत बसायला जात असताना मोटरसायकलला लावलेला बॉम्ब फुटला. त्यांच्यावर तासन् तास शस्त्रक्रिया झाल्या, मग उपचारांसाठी जर्मनीला नेलं. धार्मिक अतिरेकी विचारांच्या संशयितांना अटक झाली. ते वाचले.

पण मैत्री वाचली नाही. अतिरेक्यांबाबत आणि भ्रष्टाचाराबाबत सरकार मवाळ आहे, असं नाशीद जाहीरपणे बोलू लागले. अध्यक्षीय पद्धत सोडून संसदीय पद्धत आणावी, हाही त्यांचा आग्रह होता. जानेवारी २०२३ मध्ये उमेदवारीसाठी पक्षांतर्गत मतदान झालं: सोलिह ६१ टक्के, नाशीद ३९. जिंकलेल्याच्या मागे उभं राहायचं की बाहेर पडायचं? नाशीद समर्थक खासदारांना घेऊन बाहेर पडले आणि 'द डेमोक्रॅट्स' हा नवा पक्ष उभा राहिला.

आता जरा आकडेमोड करा. सप्टेंबर २०२३ च्या पहिल्या फेरीत मोहम्मद मुइझ्झू यांना ४६ टक्के, सोलिह यांना ३९ आणि डेमोक्रॅट्सच्या उमेदवाराला ७. ३९ अधिक ७ किती? राजकारणात बेरीज इतकी सरळ नसते हे मान्य, पण फुटलेल्या घराला लोक मत द्यायला कचरतात हेही खरं. दुसऱ्या फेरीत मुइझ्झू ५४ टक्क्यांनी जिंकले. भारतीय सैनिकांनी देश सोडावा, हा त्यांच्या प्रचारातला मोठा मुद्दा होता. एप्रिल २०२४ च्या संसदीय निवडणुकीत मुइझ्झू यांच्या पक्षाने दोन तृतीयांशाहून जास्त जागा जिंकल्या. नाशीद यांच्या नव्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही. शून्य.

ज्याने लोकशाही आणली म्हणून जग ओळखतं, त्याच्या पक्षाला लोकांनी मतपेटीतूनच घरी बसवलं. आणि नाशीद यांनी तो निकाल मान्य केला, रस्त्यावर आग लावली नाही. हेही त्यांच्याच खात्यात लिहायला हवं.

भारत कुठे होता?

या सगळ्या गोष्टीत आपला देश प्रेक्षक नव्हता. नोव्हेंबर १९८८ मध्ये गय्यूम यांच्याविरुद्धचं बंड मोडायला भारताने 'ऑपरेशन कॅक्टस'मध्ये सैनिक पाठवले होते, म्हणजे तेव्हा आपण एका हुकूमशहाला वाचवलं. फेब्रुवारी २०१२ मध्ये नाशीद पडले, तेव्हा दिल्लीने नव्या सरकारला पटकन मान्यता दिली. त्याच सरकारने वर्षअखेर जीएमआरचं कंत्राट रद्द केलं, ज्याची भरपाई म्हणून मालदीवला पुढे सुमारे २७ कोटी डॉलर मोजावे लागले. २०१८ मध्ये यामीन यांनी आणीबाणी लादली तेव्हा नाशीद यांनी भारताकडे लष्करी पाठबळासह हस्तक्षेप मागितला. यावेळी भारत गेला नाही.

छोट्या देशातला नेता शेजारच्या मोठ्या देशाकडे मदत मागतो तेव्हा त्याला किंमत द्यावी लागते. नाशीद 'भारताचा माणूस' ठरले आणि मुइझ्झू यांच्या 'इंडिया आउट'ला आयतं लक्ष्य मिळालं. गंमत म्हणजे सैनिक घालवणारे तेच मुइझ्झू ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीला आले, ४० कोटी डॉलर आणि ३,००० कोटी रुपयांची चलन अदलाबदलीची सोय घेऊन गेले. जुलै २०२५ मध्ये मालदीवच्या स्वातंत्र्याच्या साठाव्या वर्धापनदिनाला पंतप्रधान मोदी प्रमुख पाहुणे होते. आपल्या स्टोऱ्या चोवीस तासांत गेल्या. शेजार तसाच आहे.

आणि समुद्र?

२००९ मध्ये नाशीद यांनी दहा वर्षांत देश कार्बन-न्यूट्रल करू असं जाहीर केलं होतं. ते झालं नाही. मालदीवची वीज अजूनही मुख्यतः डिझेलवर आणि अर्थव्यवस्था विमानाने येणाऱ्या पर्यटकांवर चालते. शास्त्रज्ञांच्या काही अभ्यासांनुसार प्रवाळ बेटं वाळू वाहून आल्याने आकार बदलत राहतात, काही तर वाढतातही, त्यामुळे 'उद्या देश बुडणार' हे चित्र जरा ढोबळ होतं. पण गोड्या पाण्याचे साठे खारट होणं, किनारा खचणं, प्रवाळ मरणं हे प्रश्न आजचे आहेत.

नाशीद यांनी २००९ मध्येच मालेमध्ये हवामान बदलाचा फटका बसणाऱ्या देशांचा एक मंच सुरू करून दिला. आज त्यात ७० पेक्षा जास्त देश आहेत. २०२४ मध्ये नाशीद त्याचे महासचिव झाले आणि घानाच्या अक्रा शहरातून काम पाहू लागले. मागणी बदललीय: आता ते कर्जाबद्दल बोलतात. वादळाने मोडलेली घरं बांधायला गरीब देशाने व्याजाने पैसे काढायचे, आणि ते फेडता फेडता पुढचं वादळ येणार, हे कसं चालेल? पाण्याखालच्या फोटोपेक्षा हे कंटाळवाणं वाटतं, रीलवर चालणार नाही. पण मुंबईपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्यासाठी हा विषय फार लांबचा नाही. निसर्ग आणि तौक्ते ही चक्रीवादळं आपण पाहिलीत.

मग हा माणूस हिरो की नाही?

हा लेख लिहायला घेतला तेव्हा मला हिरोची गोष्ट लिहायची होती. पत्रकार, कैदी, राष्ट्राध्यक्ष. मस्त जमून आली असती. पण गिरीफुशीचं नाव दुसऱ्यांदा समोर आलं आणि ते सोपं राहिलं नाही. पहिल्या गोष्टीपाशी थांबले असते तर मी फक्त फॅन झाले असते. फक्त दुसरी वाचली असती तर 'सगळे नेते सारखेच' म्हणून पान उलटलं असतं. दोन्ही एकत्र वाचल्यावर माझ्या हातात एवढंच उरलं: लोकशाहीसाठी तुरुंगात जाणं एक, आणि सत्ता हातात असताना त्या लोकशाहीचे नियम आपल्यालाही लागू आहेत हे मानणं दुसरं. आपण पहिल्याला हार घालतो. दुसऱ्याची कुणी बातमीही करत नाही, आम्ही पत्रकारितेवालेसुद्धा.

तुम्ही कॉलेजच्या मंडळात असाल, एखाद्या पक्षाच्या विद्यार्थी संघटनेत असाल, नाहीतर नुसतेच पहिल्यांदा मतदान करणारे असाल. कधी ना कधी तुमच्यासमोर असा क्षण येईल, की समोरचा खरोखर वाईट आहे, आपण खरोखर बरोबर आहोत आणि मधे फक्त एक नियम आडवा येतोय. त्यावेळी १६ जानेवारी २०१२ ची तारीख आठवा.

नाशीद यांच्या जागी तुम्ही असता, तर त्या रात्री लष्कराला फोन केला असतात का? मला अजून ठामपणे 'नाही' म्हणता येत नाही. तुम्हाला येतंय का, ते स्वतःला एकदा खरं खरं विचारून बघा.